टकळी गप्प झाली

१

बाईसाहेब उठेनात.

मोलकरणीने आधी हळू हाक मारली, मग मोठ्याने, मग खांदा धरून हलवलं, आणि मग अशी किंकाळी फोडली की अंगणात लाकूड तासणाऱ्या सुताराचा रंधा हातातून सुटून त्याच्याच पायावर पडला. तो लंगडत जिना चढून वर येईपर्यंत निम्मं घर गोळा झालं होतं. स्वयंपाकीणबाईंनी जाड पडदे सर्रकन ओढून खोलीत उजेड घेतला. कारभारी धापा टाकत आला, आणि बाईसाहेबांची नाडी बघायच्या आधी त्याने कोनाड्यातली दागिन्यांची पेटी उघडली.

पेटी रिकामी होती. पाचूचा हार गेला होता.

"चोरी!" कारभारी ओरडला. माणूस मरतंय का जगतंय हे मागाहून बघता येतं, त्याला घाई कसली!

डॉक्टर खाली ओसरीवर धाकट्या साहेबांबरोबर सोंगट्या खेळत होता. धाकटे साहेब म्हणजे बाईसाहेबांचे पुतणे. दोघेही धावत वर आले. डॉक्टरने बाईसाहेबांच्या पापण्या उघडून पाहिल्या, रिकामा पेला नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"झोपेचं औषध. थेंबभर द्यायचं, कोणीतरी बाटली ओतलीय. श्वास चाललाय, पण बारीक. शुद्धीवर आल्या तर आपलं नशीब. नाही आल्या तर..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं आणि विचारलं, "दूध कोणी आणलं होतं?"

सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. मोठ्या घरात असंच असतं. बोट आधी ठरलेलं असतं, गुन्हा मागाहून घडतो.

"मी आणलं," मोलकरीण म्हणाली. "रोज मीच आणते."

२

तिला घरात सगळे टकळी म्हणत. सूत काढायची टकळी जशी थांबत नाही तशी हिची जीभ थांबत नसे. केर काढताना केराशी, भांडी घासताना भांड्यांशी, आणि ऐकायला कोणी नसलं तर स्वतःशी. बाईसाहेबांचे डोळे बिघडल्यापासून त्यांना उजेड सोसत नव्हता. पडदे लावून खोलीत अंधार करून त्या पडून राहायच्या आणि टकळी बडबडून त्यांचं मन रमवायची. तिच्या कामाचं हे निम्मं होतं, त्याचा पगार मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार घोड्यावरून आला. त्याची दाढ ठणकत होती. गाल सुजून टम्म, हनुवटीवरून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं. तोंड उघडलं की कळ मेंदूत जायची. त्यामुळे धमक्या नाहीत, आरडाओरडा नाही, टेबलावर मुठी आपटणं नाही. बिचारा नाइलाजाने नुसता ऐकत बसला होता. त्या खात्यातल्या प्रत्येकाची एक दाढ सरकारी खर्चाने दुखवत ठेवली पाहिजे.

दिवाणखान्याशेजारच्या लहान खोलीत त्याने एकेकाला बोलावलं.

कारभारी म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो साहेब. ही पोरगी जरा जास्तच हसते. नोकर माणसाला एवढं हसायला काय झालं?"

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "दूध मी तापवलं, तिने नेलं. वाटेत पॅसेजमधल्या तिवईवर ठेवलं असणार, कारण त्या खिडकीपाशी सुतारदादा काम करत होता, आणि तिथे हिचे पाय थांबतात. अहो, सगळं घर त्याला सुतारदादा म्हणतं. ही एकटीच नुसतं 'सुतार' म्हणते. 'दादा' काही तोंडातून निघत नाही. समजायचं ते समजा!"

"म्हणजे तेवढा वेळ पेला उघडा होता?" फौजदाराने फडक्यातून विचारलं.

"पेला उघडा होता, खिडकी उघडी होती, आणि हिचं तोंड तर उघडं असतंच."

डॉक्टर म्हणाला, "बाटली मीच दिलेली. कपाटावर असायची. कोणालाही घेता आली असती, मलासुद्धा. लिहून घ्या हवं तर." असं म्हणून तो पुन्हा बाईसाहेबांपाशी जाऊन बसला.

धाकटे साहेब म्हणाले, "माझा विश्वास बसत नाही. आज सकाळी तर सोनार यायचा होता, काकींचा हार नव्याने गुंफायला. आणि काल हे असं घडावं!"

आणि या चौघांपैकी एकाने बोलून झाल्यावर उठून दार लावून घेतलं, परत येऊन बसून खालच्या आवाजात सांगितलं, "जिवावर येतंय, पण मी पाहिलंय. दार किलकिलं होतं. आत दिवा मिणमिणत होता. बाईसाहेबांनी तिला दिवा मोठा करायला सांगितला. तिने वात वर केली. बाईसाहेब दूध पिऊन कुशीवर वळल्या, आणि त्या उजेडात तिने पेटी उघडून हार पदराखाली घातला. मला वाटलं, त्यांनीच काढायला सांगितला असेल. म्हणून गप्प राहिलो. माझं नाव मात्र बाहेर येऊ देऊ नका."

दिव्यासारखी बारीक गोष्ट कोणी उगाच रचत नाही. फौजदाराने मान हलवली. उद्या सकाळी पोरीला तुरुंगात न्यायचं ठरलं. बाईसाहेब दगावल्या तर पुढे फास.

टकळीबद्दल सगळ्यांना विचारून झालं. टकळीला कोणी काहीच विचारलं नाही.

३

तिला कोठीच्या खोलीत बसवलं होतं, धान्याच्या पिंपांमध्ये. दुपारी कडी वाजली. धाकटे साहेब आत आले आणि दार लोटून उभे राहिले.

या माणसाबद्दल सांगायला हवं. आई-बाप लहानपणीच गेले, तेव्हा याला दूरदेशी वसतिगृहात ठेवलं. मोठा होऊन परत आला तो देखणा, मऊ बोलणारा आणि आपली भाषा मास्तरांकडून, पुस्तकांतून शिकून आलेला. कारभाऱ्यालाही 'आपण' म्हणायचा. टकळीशी हसून बोलायचा. एकदा जिन्यात तिचा हात कठड्यावर आपटला तेव्हा यानेच विचारलं, काय झालं?

"काही नाही साहेब, बांगडी वाढली."

"अरे वा!" साहेब म्हणाले. "छान झालं. आता एकूण किती झाल्या?"

टकळी पोट धरून हसली. फुटलेल्या बांगडीबद्दल असं अभिनंदन तिला जन्मात कोणी केलं नव्हतं. स्वयंपाकघरात तिने तो विनोद सगळ्यांना सांगितला. साहेब किती गमतीदार, किती गोड! त्या रात्री तिला झोप लागायला वेळ लागला, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नाही.

"ऐक," आता साहेब म्हणाले, "कोणीतरी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली आहे. डोळ्यांनी पाहिलं म्हणे. उद्या तुला नेणार."

"कोणी? त्या कारभाऱ्याने?"

"नाव मला ठाऊक नाही. पण तू निर्दोष आहेस, हे मला ठाऊक आहे." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "पळून जा. संध्याकाळच्या आत. कडी मी उघडीच ठेवतो. परसदारामागे ओढ्यावरचा लाकडी पूल आहे ना, तो ओलांड. पलीकडे मी गाडी उभी करतो. दाराशी एक गाठोडं ठेवलेलं असेल, ते घे. वाटेत थंडी वाजेल. आणि माझं नाव कोणापुढे काढू नकोस. काढलंस तर मी तुला वाचवू शकणार नाही."

टकळीने मान डोलावली. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पहिल्यांदाच.

४

परसदाराशी खरंच गाठोडं होतं. जाड शाल, घट्ट गाठ मारलेली. ते काखेत मारून ती सटकली आणि चार पावलांवर सुताराला जाऊन आदळली.

"कुठे निघालीस?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"गाठोडं घेऊन?"

"नाचायला निघालेय गाठोडं घेऊन. येताय ढोल वाजवायला?"

"पळालीस तर चोर ठरशील."

"आणि थांबले तर काय ठरेन, महाराणी? गळा माझाय सुतार. तुमचं काय जातंय?"

सुताराचा चेहरा लाल झाला. "माझं काय जातंय? मी या घरात एक खिडकी दुरुस्त करायला आलो होतो. ती त्याच दिवशी झाली. मग शेजारची चांगली खिडकी मी रात्रीत मोकळी करून ठेवली आणि सकाळी म्हटलं, बाईसाहेब, हिचीही बिजागरी गेलीय हो! असं करत करत अख्खा मजला झाला. कोणासाठी? कारभाऱ्याच्या गोड चेहऱ्यासाठी?"

टकळी त्याच्याकडे बघत राहिली.

"आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू बोलायला जागा ठेवतेस कुठे!"

ओढ्याचा आवाज येत होता. पूल समोरच होता, खाली खोल घळ आणि काळे दगड. टकळी म्हणाली, "मला जायलाच हवं. ज्याला माझी काळजी आहे त्याने सांगितलंय."

"कोणी?"

तिने गाठोडं काखेत आणखी घट्ट धरलं.

"बरं. जायचंच असेल तर मी आधी जातो. मी जडशीळ आहे. पुलाने मला पेललं तर तुलाही पेलेल." आणि लंगडत तो पुलावर चढला.

मधली फळी दगा देऊन खाली गेली. सुतार कमरेपर्यंत भोकात गेला, मग छातीपर्यंत, आणि मग फक्त दोन हात आणि डोकं वर राहिलं.

टकळीने ओरडून रान डोक्यावर घेतलं, पण हात थांबवले नाहीत. गाठोड्याची गाठ दातांनी सोडली, शालीचं एक टोक पुलाच्या खांबाला गुंडाळलं आणि दुसरं त्याच्याकडे फेकलं. शिव्या देत, रडत, ओढत तिने त्याला वर घेतलं. तो पालथा पडून धापा टाकत होता, तरी त्याची नजर फळीच्या जागेवर गेली.

"खिळे उपटलेत," तो म्हणाला. "आजच. भोकं अजून पांढरी आहेत. तू आधी गेली असतीस तर..."

पण टकळी त्याचं ऐकत नव्हती. ती आपल्या पायांकडे बघत होती. शालीच्या घडीतून निसटून तिथे पाचूचा हार पडला होता.

आणि मागून कारभाऱ्याचा आवाज आला, "हवालदार, धर तिला! मुद्देमालासकट सापडली!"

५

फौजदारासमोर टेबलावर हार ठेवला होता. टकळी उभी होती, शेजारी फाटक्या सदऱ्यातला सुतार, दारात स्वयंपाकीणबाई.

"पळायला कोणी सांगितलं?" फौजदाराने विचारलं.

टकळी गप्प.

"गाठोडं कोणी दिलं?"

गप्प.

"अगं बाई, हिला काहीतरी झालंय हो," स्वयंपाकीणबाई घाबरून म्हणाल्या. "डॉक्टरला बोलवा. ही कधी अशी नसते!"

"कोणाला तरी वाचवतेय ही," सुतार म्हणाला. "आणि त्यानेच पुलाचे खिळे काढलेत. हिचं प्रेत खाली दगडांवर सापडलं असतं, बरोबर हार. कोणाला पुढे काही विचारायची गरजच पडली नसती. पण हिला कळेल तेव्हा ना!"

टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. असा एक माणूस तिच्या मनात होता ज्याने तिचा हात हातात घेतला होता. ज्याला जन्मभर फक्त 'ए' म्हणून हाक मारली जाते, त्याला कोणी एकदा नीट माणसासारखं विचारलं की तो माणूस जीव द्यायला तयार होतो. लबाड लोकांना हे पक्कं माहीत असतं.

फौजदार उठला. "मग उद्या सकाळी चल."

तेव्हा मात्र ती उसळली.

"चल काय चल! मला एकदा तरी विचारलंत? कालपासून बघतेय. कारभाऱ्याला विचारलंत, डॉक्टरला विचारलंत, स्वयंपाकाच्या मावशींना विचारलंत. दूध मी नेलं, खोलीत मी होते, फाशी मला देणार, आणि काय झालं हे मला सोडून सगळ्या गावाला विचारताय! उद्या माझं लग्न लागलं तर नवऱ्यामुलाला म्हणाल, तू नको, कारभाऱ्याशी बोलतो!"

सुतार खोकला.

फौजदार परत बसला. दाढ धरून म्हणाला, "बरं. विचारतो. काय झालं?"

"झालं काय? दूध घेऊन गेले. पेला वाटेत तिवईवर ठेवला होता थोडा वेळ, तो का ठेवला ते विचारू नका. खोलीत गेले, दार लावून घेतलं, नाहीतर बाहेरचा उजेड आत येतो आणि बाईसाहेब ओरडतात. लहान दिवा होता कोपऱ्यात. त्यांना उठवून बसवलं, दूध पाजलं. म्हणाल्या, कडू लागतंय गं. मी म्हटलं, औषधाचं तोंड आहे, सगळंच कडू लागणार. मग म्हणाल्या, डोळा लागतोय, दिवा वाढव आणि जा. मी वाढवला, चाचपडत दारापर्यंत आले, गुडघा आपटला पलंगाला, हा बघा काळानिळा झालाय, आणि बाहेर पडले. पेटीला हात लावला असेल तर हात झडो माझा!"

फौजदाराने गालावरचा हात काढला.

"दिवा वाढव म्हणाल्या? हाच शब्द?"

"मग काय म्हणणार? भरल्या घरात 'विझव' म्हणतं का कोणी? वाढव म्हणाल्या, मी फुंकर मारली."

फौजदाराने डोक्याचं फडकं सोडून टेबलावर फेकलं. दाढ दुखत होती की नाही, त्याला आठवत नसावं.

"हवालदार," तो म्हणाला, "दिवा लाव."

"साहेब, अजून दिवस आहे."

"तरी लाव. आणि तू पोरी, त्या पडद्यामागे जा. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. जमेल?"

"आज काय, काहीही जमेल," टकळी म्हणाली.

६

सूर्य कलला होता. खिडकीतून पिवळा, दमलेला उजेड येत होता आणि टेबलावर दिवा उगाचच जळत होता.

पहिला कारभारी आला. फौजदाराने त्याला हार दाखवला, दोन निरर्थक प्रश्न विचारले आणि म्हणाला, "जा आता. जाता जाता दिवा वाढवा जरा, तेल फुकट जळतंय."

कारभाऱ्याने चटकन वाकून फूं केलं. तेल वाचणार म्हटल्यावर तो कोणाचाही दिवा वाढवायला तयार होता.

हवालदाराने दिवा परत लावला. स्वयंपाकीणबाई आल्या. "दिवा वाढवा हो बाई," म्हटल्यावर त्यांनी ओंजळीचा आडोसा करून हळूच ज्योत शांत केली आणि सवयीने हात जोडले.

डॉक्टर कुरकुरत आला. "तिकडे रोगी टाकून इथे बोलावता, आणि दिवे काय वाढवायला सांगता? हवालदार कशाला पोसलाय?" असं म्हणत त्यानेही फुंकर मारली.

शेवटी धाकटे साहेब आले. अदबीने बसले. फौजदाराने त्यांना तेच निरर्थक प्रश्न विचारले. त्यांनी सुंदर उत्तरं दिली. बिचाऱ्या मुलीबद्दल हळहळले. शिक्षा सौम्य व्हावी म्हणाले.

"आपलं मन मोठं आहे," फौजदार म्हणाला. "या आपण. आणि हो, तेवढा दिवा वाढवता का?"

"अवश्य," साहेब म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांनी वात वर केली.

खोली लख्ख झाली. पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

"काय केलंत आपण?" फौजदाराने शांतपणे विचारलं.

"आपणच सांगितलंत. दिवा वाढवला."

दाराशी उभ्या स्वयंपाकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो साहेब, वाढवायला सांगितला, मोठा करायला नव्हे! वाढवणं म्हणजे विझवणं! जन्म गेला आमचा दिवे वाढवण्यात!"

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला.

"आता माझं ऐका," फौजदार म्हणाला. "काल दुपारी त्या खोलीत बाईसाहेब 'दिवा वाढव' म्हणाल्या. पोरीने दिवा विझवला. पडदे लावलेले, दार लावलेलं, आत मिट्ट काळोख. तिचा स्वतःचा गुडघा पलंगाला आपटला. आणि आज सकाळी आपण मला सांगितलंत की तिने वात वर केली आणि त्या उजेडात आपण चोरी पाहिली. आपण काहीच पाहिलं नाही. आपण दाराला कान लावून उभे होतात. दूध पोटात गेलं की नाही, एवढंच आपल्याला हवं होतं. ते कळल्यावर खाली जाऊन सोंगट्या मांडल्यात. हार तर काल सकाळीच पेटीतून काढला होता. मला साक्ष द्यायची तर अंधाऱ्या खोलीत उजेड हवा, म्हणून कानावर पडलेले शब्द वापरलेत. शब्द खरे होते. फक्त आपल्याला ते येत नव्हते."

"ती मुलगी खोटं बोलते आहे," साहेब म्हणाले.

पडदा बाजूला झाला.

"बांगडी वाढली म्हटल्यावर 'छान झालं' म्हणालात," टकळी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे. मी हसले. रात्रभर हसले मी, साहेब. आणि आज पूल ओलांड म्हणालात. गाठोडं घे, थंडी वाजेल म्हणालात. हे सगळं मी आत दाबून ठेवलं, तुमच्यावर बालंट येऊ नये म्हणून! मी! जिच्या पोटात तीळ भिजत नाही ती!"

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि झटक्यात दाराकडे निघाले. दारात सुतार उभा होता. सदरा अजून तसाच फाटका होता.

"माफ करा साहेब," तो म्हणाला, "हे दार जरा अडकतं. दुरुस्त करायचं राहून गेलं."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदाराने बोलावलेला सोनार आला. हार उन्हात धरून बघितला आणि नाक मुरडलं. काच होती, हिरवी काच. खरे पाचू धाकट्या साहेबांनी पैजा लावलेल्या शर्यतीच्या घोड्यांनी कधीच खाल्ले होते. सोनार हार हातात घेणार, नक्कल उघडी पडणार, म्हणून तो आदल्या दिवशी नाहीसा व्हायला हवा होता. चोर म्हणून मोलकरीण हाताशी होती. आणि काकी पुन्हा उठल्या नाहीत तर घरही आपलंच. साहेबांनी विचार नीट केला होता.

पण काकी उठल्या. डॉक्टर उशाशी बसल्या बसल्या घोरत होता, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. टकळीने पाणी दिलं, रडली, हसली आणि सगळी हकीकत एका दमात सांगितली. बाईसाहेबांनी ती डोळे मिटून ऐकली. मग कारभाऱ्याला बोलावलं. फौजदारही आला.

"पोरगा आहे तो," बाईसाहेब म्हणाल्या. "घराण्याचं नाव आहे. त्याला दूर पाठवते मी. फिर्याद करायची नाही मला. बाहेर असं सांगू, की औषधाचा अंदाज चुकला."

"कोणाचा म्हणून सांगू?" कारभाऱ्याने विचारलं.

बाईसाहेबांनी टकळीकडे बघून मायेने हात पुढे केला. "हिचा म्हणा. हिच्याकडून चुकून जास्त पडलं, मी क्षमा केली. तुला काय गं पोरी, तुझं नाव गावात कोण ओळखतं? जन्मभर इथेच ठेवेन तुला. लुगडं देईन."

कारभाऱ्याने मान डोलावली. फौजदार बुटांकडे बघू लागला. फिर्यादच नाही म्हटल्यावर त्याचे हात बांधलेले.

टकळीने आपला हात मागे घेतला.

"फौजदारसाहेब, माझी फिर्याद घ्या."

"तुझी?"

"पुलाची फळी मोडली ती माझ्यासाठी. पडायची मी होते. खून माझा होणार होता. की मी मेले तर तो पण बाईसाहेबांच्याच घरचा मामला?"

फौजदाराने मान वर केली. त्याच्या सुजलेल्या गालाखाली हसू पसरलं आणि लगेच कळ आली, तरी त्याने ते आवरलं नाही. "घेतो," तो म्हणाला. "लगेच घेतो. पूल काही बाईसाहेबांच्या घरात नाही."

"असं करू नकोस गं," बाईसाहेब म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खरंच म्हातारा झाला होता. "खाल्ल्या मिठाला जाग."

"जागले ना! खाल्ल्या मिठाला जागत जागत काल पुलापर्यंत गेले होते."

तिने आपली ट्रंक उचलली. खाली सुतार हत्यारांची पेटी खांद्याला लावून उभा होता. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या आता नीट लागत होत्या, त्याला थांबायला निमित्त उरलं नव्हतं. स्वयंपाकीणबाई डोळे पुसत होत्या आणि मध्येच हसत होत्या.

टकळी खोलीच्या उंबऱ्यापाशी पोचली, तेव्हा मागून बाईसाहेब म्हणाल्या, "निदान येते म्हणून तरी जा गं. घरातून असं निघू नये."

ती वळली. बाईसाहेबांच्या अंगावरचं पांघरूण सरकलं होतं. परत येऊन तिने ते नीट केलं, पडदा ओढून डोळ्यांवरचा उजेड अडवला, आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

"जाते," ती म्हणाली.